कबुली : मुक्तीची आणि सक्तीची

मराठी वर्तमानपत्रांत खुनाच्या बातमीच्या अखेरीस एक ठरावीक वाक्य असते : 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' गेली चाळीस वर्षे मी हे वाक्य वाचत आलो आहे. सकाळच्या चहाबरोबर आपण ते वाचतो, 'बरे झाले, सापडला एकदाचा' असे म्हणतो आणि पान उलटतो. हा खाक्या म्हणजे नेमके काय, बंद दाराआड तो किती तास दाखवला आणि तो दाखवल्यावर आपल्यापैकी कोण कबूल होणार नाही, हे प्रश्न मनाला शिवतही नाहीत. आरोपीचे वय बहुधा कंसात दिलेले असते. कुणी १९ वर्षांचा, कुणी २१, कुणी नुकताच १८ पूर्ण झालेला. आपल्या घरांतील मुलांच्या वयाचेच हे आकडे आहेत.

कबुली हा शब्द आपणा कॅथलिकांना परका नाही. पहिल्या कम्युनियनची तयारी करताना धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आपल्या कानावर पडला. जुनी माणसे त्यालाच कुमसार म्हणत. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये रांगेत उभे राहायचे, पाळी आली की गुडघे टेकायचे आणि जाळीपलीकडच्या धर्मगुरूंना हळू आवाजात आपली पापे सांगायची. त्या कोवळ्या वयातही एक गोष्ट मनावर ठसलेली असे, की येथे आपण आपल्या पायांनी आलो आहोत. येथे जे बोलू ते बाहेर जाणार नाही. प्राणांवर बेतले तरी धर्मगुरूंना ते कुणाला सांगता येणार नाही. आणि बोलून झाल्यावर जे मिळेल ती क्षमा असेल.

पोलीस कोठडीतील कबुली याच्या अगदी उलट असते. तेथे माणूस ओढून आणलेला असतो. तो जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी चावडीवर पोहोचते आणि त्याची परिणती क्षमेत नव्हे, शिक्षेत होते. दोन्हींना नाव मात्र एकच. या नामसादृश्यामुळेच की काय, कबुली म्हटली की आपला विश्वास चटकन बसतो. न केलेल्या पापाची कबुली कधी कुणी दिली आहे काय? मग न केलेल्या खुनाची कबुली तरी कोण देईल? हा प्रश्न आपण उत्तर ठाऊक असल्यासारखा विचारतो. इतिहासाने दिलेले उत्तर मात्र वेगळे आहे.

ते उत्तर पवित्र ख्रिस्तसभेला फार पूर्वी ठाऊक होते. इ. स. ८६६ मध्ये बल्गेरियातील नवख्रिस्ती लोकांनी पोप निकोलस पहिले यांना अनेक प्रश्न विचारले होते. पकडलेल्या चोराला मारहाण करून त्याच्याकडून गुन्हा वदवून घेण्याच्या रीतीचा विषय त्यांत होता. पोपमहोदयांनी कळवले, की ही रीत देवाच्या नियमात बसत नाही आणि माणसांच्याही नाही; कबुली आपखुशीने आलेली असावी, उपटून काढलेली नसावी. इतकी स्वच्छ शिकवण असूनही पुढे ती विसरली गेली. १२५२ साली पोप इनोसंट चौथे यांनी पाखंडाच्या चौकशीत शारीरिक छळाला मुभा दिली. हे आपल्याच घरातले आहे, म्हणून ते झाकून ठेवू नये.

ही विस्मृती कुठवर गेली ते सतराव्या शतकातील जर्मनीत दिसले. चेटूक केल्याच्या आरोपावरून तेथे असंख्य स्त्रिया, पुरुष व मुलेदेखील जाळण्यात आली आणि बहुतेकांनी आपला 'गुन्हा' कबूल केलेला होता. त्या काळी फ्रीडरिख श्पे नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६३१ साली एक लॅटिन ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या अशा लोकांचे पापनिवेदन त्यांनी ऐकले होते आणि ही माणसे निर्दोष आहेत अशी त्यांची खात्री झाली होती. छळ केला तर चेटकीणच काय, धर्मगुरू आणि न्यायाधीशही चेटूक केल्याचे मान्य करतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकच माणूस एकाच प्रसंगाविषयी कोठडीत एक सांगतो आणि धर्मगुरूंजवळ दुसरे. यांतले खरे कोणते हे श्पे यांनी ओळखले. पुढे १६३५ साली ट्रियर शहरात आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीच्या रोगाने त्यांना मरण आले. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात कबुलीसाठी केलेला छळ मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे असे सांगितले आहे आणि पूर्वी ख्रिस्तसभेच्या धुरीणांकडूनही या बाबतीत चुका झाल्याचे मान्य केले आहे.

हे सारे जुने झाले, आता कायदा आहे, वकील आहेत, ज्युरी आहे, असे कुणी म्हणेल. म्हणून १९७४ सालच्या इंग्लंडची एक हकिकत सविस्तर सांगतो. ती आपल्या वाचकांना जवळची वाटेल, कारण तिच्यातील बहुतेक माणसे आपल्यासारखीच साधी कॅथलिक माणसे आहेत.

५ ऑक्टोबर १९७४ च्या शनिवारी रात्री लंडनजवळच्या गिल्डफर्ड गावातील दोन मद्यगृहांत बॉम्बस्फोट झाले. पहिल्या स्फोटात पाच जण ठार आणि साठाहून अधिक जखमी झाले. ठार झालेल्यांपैकी चौघे सैन्यात नुकतेच भरती झालेले तरुण होते आणि त्यांत दोन मुली होत्या. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा करण्यासाठी शस्त्र हाती घेतलेल्या आय.आर.ए. या संघटनेचे हे कृत्य होते. पुढच्या महिन्यात वुलिच येथे आणखी दोघे आणि बर्मिंगहॅम येथे एकवीस जण मारले गेले. देश संतापाने पेटून उठला. २९ नोव्हेंबर रोजी घाईघाईने नवा कायदा झाला आणि संशयिताला आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला.

त्याच दिवसांत चार तरुण पकडले गेले. गेरी कॉनलन आणि पॉल हिल हे दोघे वीस वर्षांचे, बेलफास्टचे कॅथलिक. काम शोधत लंडनला आलेले. कॉनलन तर किलबर्न भागातील आयरिश मुलांसाठी चालवलेल्या कॅथलिक वसतिगृहात राहत असे. तिसरा पॅडी आर्मस्ट्राँग चोवीस वर्षांचा. चौथी कॅरोल रिचर्डसन ही सतरा वर्षांची इंग्लिश मुलगी, आर्मस्ट्राँगची मैत्रीण. आयर्लंडच्या राजकारणाशी तिचा काही संबंध नव्हता. ही मुले काही आदर्श नव्हती. दारू, जुगार, लहानसहान चोऱ्या, नशेच्या गोळ्या असे सारे त्यांच्या खाती होते. मात्र बॉम्बशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता. संशयाला नेहमी असाच मुलगा सोपा पडतो. ज्याच्याविषयी शेजारीपाजारी आधीच नाक मुरडत असतात, त्याच्या बाजूने बोलायला कोण उभे राहणार?

चौकशीत काय घडले ते या चौघांनी पुढे न्यायालयात सांगितले. मारहाण झाली, झोपू दिले नाही, नातलगांच्या जिवाची धमकी दिली गेली. पोलिसांनी हे सारे नाकारले. कॉनलन यांनी म्हटले आहे, की अंगावरच्या माराने नव्हे, तर बेलफास्टमध्ये राहणाऱ्या आईचे बरेवाईट होईल या भीतीने आपण खचलो. कुठल्याही आईच्या मुलाला हे समजेल. अखेर चौघांनीही जबान्यांवर सह्या केल्या. त्या एकमेकींशी अनेक ठिकाणी जुळत नव्हत्या. कॅरोल त्या रात्री लंडनमध्ये एका गायनवृंदाच्या कार्यक्रमाला गेली होती आणि तेथले तिचे छायाचित्रही होते. परंतु सह्या झाल्या होत्या. त्यांच्यापुढे छायाचित्राचे काय चालणार?

सक्तीच्या कबुलीचा आणखी एक गुण असा, की ती एकट्यावर थांबत नाही. 'आणखी कोण होते?' या प्रश्नाला नाव हवे असते. कॉनलनच्या तोंडून लंडनमध्ये राहणाऱ्या मामीचे, अ‍ॅनी मॅग्वायर यांचे नाव बाहेर पडले. त्या साफसफाईची कामे करून संसार चालवणाऱ्या चार मुलांची आई होत्या. ३ डिसेंबर रोजी पोलीस त्यांच्या घरी पोहोचले. त्याच दिवशी कॉनलनचे वडील ज्युसेप्पे, मुलाला वकील मिळवून द्यावा म्हणून, छातीच्या विकाराने जर्जर झालेले शरीर घेऊन बेलफास्टहून त्या घरी आले होते. तेही पकडले गेले. घरातल्या माणसांच्या हातांवर स्फोटक द्रव्याचे कण सापडले असा प्रयोगशाळेने निर्वाळा दिला. त्या चाचणीवर विसंबून राहता येत नाही हे मान्य व्हायला पंधरा वर्षे जावी लागली. १९७६ च्या मार्चमध्ये सात जणांना शिक्षा झाल्या. अ‍ॅनी व त्यांचे पती यांना प्रत्येकी चौदा वर्षे, ज्युसेप्पे यांना बारा वर्षे, सतरा वर्षांच्या व्हिन्सेंटला पाच वर्षे आणि अटकेच्या वेळी अवघ्या तेरा वर्षांच्या असलेल्या पॅट्रिकला चार वर्षे. तेरा वर्षे म्हणजे आपल्याकडचा सातवी-आठवीतला मुलगा.

त्याआधी ऑक्टोबर १९७५ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्या चौघांना जन्मठेप झाली होती. त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला का भरला नाही, याबद्दल न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला. खुनासाठीची फाशी ब्रिटनमध्ये रद्द झालेली होती, राजद्रोहासाठी ती अजून शिल्लक होती. म्हणजे कायद्याने वाट दिली असती, तर हे चौघे फासावर गेले असते आणि पुढची हकिकत सांगायला कुणी उरले नसते.

योगायोग असा, की त्याच ऑक्टोबर १९७५ मध्ये लंडनच्याच अपील न्यायालयाने तीन मुलांना निर्दोष सोडले. १९७२ साली कॅटफर्ड भागात एक खून झाला व त्या घराला आग लावण्यात आली. या प्रकरणात अठरा, पंधरा व चौदा वर्षांची तीन मुले पकडली गेली. अठरा वर्षांच्या मुलाची समज आठ वर्षांच्या बालकाएवढी होती. आईवडील जवळ नसताना त्यांची चौकशी झाली आणि तिघेही कबूल झाले. मृत्यूची वेळ त्यांच्या कबुलीशी जुळत नव्हती. त्या वेळी थोरला मुलगा सॅल्व्हेशन आर्मीच्या युवक मंडळात होता. तरीही त्यांना सोडवायला तीन वर्षे लागली. या प्रकरणाच्या चौकशीतूनच पुढे इंग्लंडमध्ये १९८४ चा कायदा झाला. त्यामुळे चौकशीचे ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि अल्पवयीन मुलाजवळ चौकशीच्या वेळी मोठे माणूस असणे आवश्यक ठरले.

निरपराध मुलगा कबूल का होतो? मी जन्मभर मुलांना शिकवले आहे, त्यामुळे या प्रश्नाने मला फार छळले. मुलाच्या दृष्टीने 'आता' ही एकच वेळ खरी असते. वीस वर्षांनंतरचा तुरुंग त्याला दिसत नाही. समोरचे दार मात्र दिसते आणि सही केली की ते उघडेल असे त्याला सांगितलेले असते. दुसरे असे, की मोठ्यांचे ऐकावे हे आपणच त्याच्या मनावर बिंबवलेले असते. 'तूच केलेस' असे वर्दीतला मोठा माणूस शंभरदा म्हणाला, की झोपेविना शिणलेल्या मुलाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास डळमळतो. चौकशी करणाऱ्याच्या प्रश्नांतूनच घटनेचे तपशील त्याला कळतात आणि तेच तो परत सांगतो. मग लोक म्हणतात, त्याने केले नसेल तर त्याला हे कळले कसे? तिसरे कारण सर्वांत करुण आहे. मी काही केलेलेच नाही, तेव्हा न्यायाधीशांसमोर खरे काय ते उघड होईलच, अशी त्याची भाबडी श्रद्धा असते. आपल्या निर्दोषपणावर विसंबूनच तो सही करतो. एकदा कबुली कागदावर आली, की इतर सारा पुरावा तिच्या उजेडात वाचला जातो आणि खऱ्या गुन्हेगाराचा शोध तेथेच थांबतो.

गिल्डफर्डमध्येही असेच झाले. डिसेंबर १९७५ मध्ये लंडनच्या बॅल्कम स्ट्रीटवर आय.आर.ए.ची एक टोळी पकडली गेली. गिल्डफर्ड व वुलिचचे स्फोट आम्ही केले, तुरुंगातील चौघांचा त्यात हात नाही, असे तिने पोलिसांना सांगितले आणि १९७७ साली स्वतःच्या खटल्यातही ते पुढे आणले. त्या वर्षी अपील न्यायालयासमोर हे सारे आले, तरी अपील फेटाळले गेले. पोलिसांनी वदवलेली कबुली खरी ठरली आणि खऱ्या गुन्हेगारांनी आपण होऊन दिलेली कबुली खोटी!

या काळात लंडनमधील आयरिश समाज भयाने गप्प झाला होता. ओळख दाखवली तर आपणही अडकू, ही भीती खोटी नव्हती. अशा वेळी ज्या थोड्या व्यक्ती तुरुंगाच्या दारापर्यंत गेल्या, त्यांत सिस्टर सारा क्लार्क होत्या. कैद्यांच्या घरच्यांना त्या धीर देत, भेटीला आलेल्या नातलगांची राहण्याची सोय करत. दुसरे होते वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप, कार्डिनल बेसिल ह्यूम. ते जन्माने इंग्लिश, बेनेडिक्टाइन मठवासी, स्वभावाने अत्यंत सावध. आय.आर.ए.च्या हिंसेचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात ते ज्युसेप्पे कॉनलन यांना भेटले. हा आजारी, श्रद्धाळू माणूस खोटे बोलत नाही, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी गृहमंत्र्यांना पत्रे लिहिली, सुटकेची विनंती केली. २३ जानेवारी १९८० रोजी ज्युसेप्पे कैदेतच वारले. मुलासाठी वकील शोधायला निघालेला बाप मुलाच्या आधी कफनात गेला.

कार्डिनल तेवढ्यावर थांबले नाहीत. दोन माजी गृहमंत्री आणि दोन ज्येष्ठ निवृत्त न्यायमूर्ती यांना बरोबर घेऊन १९८७ साली ते पुन्हा सरकारच्या दारी गेले. अखेर दुसऱ्या एका पोलीस दलाने जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा खाडाखोड केलेली टंकलिखित टिपणे सापडली. चौकशी चालू असताना लिहिलेल्या म्हणून ज्या नोंदी न्यायालयात दाखवल्या होत्या, त्या आधी रचून मग उतरवल्या होत्या हे त्यावरून दिसून आले. १९ ऑक्टोबर १९८९ रोजी चौघे सुटले. त्यांच्या आयुष्याची जवळजवळ पंधरा वर्षे तुरुंगात गेली होती. मॅग्वायर कुटुंबावरील कलंक १९९१ साली पुसला गेला. खटला चाललेले तीन माजी पोलीस १९९३ साली निर्दोष सुटले. ९ फेब्रुवारी २००५ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी या कुटुंबांची जाहीर क्षमा मागितली. गिल्डफर्डच्या स्फोटांसाठी मात्र नंतर कुणालाही शिक्षा झाली नाही. त्या पाच मृतांच्या आईवडिलांनाही खोट्या कबुलीने फसवले. हे आपण फार वेळा विसरतो. निरपराध्याची बाजू घेणे म्हणजे मृताचा अव्हेर करणे नव्हे. मृताला न्याय हवा असेल तर खरा माणूस सापडला पाहिजे.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे एक विलक्षण विसंगती आढळते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असा नियम भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याने, कलम २५ अन्वये, घातला. त्यापूर्वी १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता, त्यामुळे कोठडीत काय चालते हे इंग्रज सरकारला ठाऊक होते. म्हणजे जो अविश्वास इंग्रजांनी हिंदुस्थानच्या पोलिसांविषयी दाखवला, तो त्यांनी आपल्या देशातील पोलिसांविषयी दाखवला नाही. गिल्डफर्डच्या त्या चार सह्या मुंबईच्या न्यायालयात सामान्य कायद्याखाली पुरावा ठरल्या नसत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम २३ मध्ये हा नियम कायम आहे. कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यांपुढे, आणि तेही 'कबूल होण्याचे तुझ्यावर बंधन नाही' असे त्यांनी आधी बजावल्यावर.

परंतु भयाच्या काळात हे कुंपण आपणच वाकवले. १९८७ च्या टाडा कायद्यात आणि २००२ च्या पोटा कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली गेली. ते दोन्ही कायदे आता नाहीत. महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका मात्र आहे आणि त्यात ही तरतूद आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. ती संध्याकाळ चर्चगेट-विरार मार्गावरचे कोणते घर विसरू शकेल? २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही आणि ते मिळवण्यासाठी छळ झाल्याचे आरोपींनी दाखवून दिले आहे, असे न्यायालयाने म्हटले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असा आदेश त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी दिला. अंतिम काय व्हायचे ते तेथे होईल. पण गेलेल्यांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षे ज्या उत्तराची वाट पाहिली, ते कबुलीच्या कागदांनी त्यांना दिले नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गाव, ठाणे व नाव सांगत नाही. गावाबाहेर एका दुकानदाराचा खून झाला. आदल्या संध्याकाळी दुकानासमोर उभी असलेली पाच-सहा मुले पोलिसांनी उचलली. हा त्यांतला एक, वय एकोणीस. त्याला दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवले. कागदोपत्री अटकच नव्हती. तिसऱ्या दिवशी खरा मारेकरी परगावी सापडला आणि मुले सुटली. पुढे कधीतरी तो मला म्हणाला, "सर, दुसऱ्या रात्री मी हो म्हणणारच होतो. केलं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. हो म्हटलं तर झोपू देतील का, एवढंच मी विचारत होतो."

त्या दोन दिवसांत गाव काय करत होते? 'उगाच कुणाला उचलत नाहीत' असे म्हणत होते. मुलाच्या घरची मंडळी मिस्साला आली, तेव्हा त्यांच्या बाकावर जागा मोकळी राहिली. एकटी त्याची शेजारीण, भाजीच्या टोपल्या घेऊन बाजारात जाणारी आमची मावशी, दोन्ही दिवस डबा घेऊन ठाण्याच्या ओसरीवर जाऊन बसली. तिला कायदा ठाऊक नव्हता. डबा आत गेला नाही, तरी ती उठली नाही. शिपायाने हटकले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी कुठं काय म्हणते? पोरगा बाहेर येईल तेव्हा कुणीतरी असावं ना." मुलाने मला सांगितले, की आत तिचा आवाज ऐकू आला आणि त्या आवाजाच्या आधारावर ती रात्र निघाली.

मावशीजवळ जे होते ते आपल्याजवळ असावेच, शिवाय थोडे ज्ञानही असावे. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला अधिकार आहे, हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. अटकेची खबर नातलगाला दिली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९७ च्या सुमारास घालून दिला. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवताच येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. म्हणून शाळेचा दाखला व जन्माची नोंद घरात जपून ठेवावी. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून सिद्ध व्हायला मार्च २०२३ उजाडले. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. आपल्या धर्मग्रामांत डॉक्टर, शिक्षक, बँकेतील अधिकारी यांची वाण नाही, वकीलही आहेत. अडचणीत सापडलेल्या घराने रात्री-अपरात्री कुणाचे दार ठोठवावे, हे प्रत्येक धर्मग्रामात आधीच ठरलेले असावे.

प्रायश्चित्तकाळात सुसान्नाची कथा आपण मिस्सामध्ये ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि साऱ्या सभेने तो मानला. तिला मारायला नेत असताना दानीएल नावाचा एक कोवळा मुलगा ओरडून आडवा आला. त्याने काही चमत्कार केला नाही. त्याने त्या दोघांना वेगवेगळे उभे केले आणि 'कोणत्या झाडाखाली?' एवढेच विचारले. दोघांनी दोन झाडे सांगितली. विचारणारा कुणी नव्हता तोवर ते खोटे खरे म्हणून चालले होते. आपल्या गावात असा आळ आला, तर निदान एवढे विचारणारे आपण असावे : कुणी पाहिले, केव्हा, आणि कबुली दिली असेल तर कुणाच्या समोर?

शेवटच्या निवाड्याच्या दाखल्यात प्रभू येशू तुरुंगातील माणसाच्या भेटीची आठवण करून देतो. तो माणूस दोषी होता की निर्दोष, हे तेथे विचारलेले नाही. बेसिल ह्यूम तुरुंगात गेले ते कुणाला निर्दोष ठरवायला नव्हे, एका आजारी माणसाला भेटायला. भेट झाली म्हणून सत्य कळले. पुढच्या वेळी आपल्या ओळखीच्या घरातला एखादा मुलगा उचलला गेल्याची बातमी येईल, तेव्हा निवाडा न्यायालयावर सोडून आपण त्या घरी जावे. तेथे आई दार लावून बसलेली असेल. तिच्यासोबत ठाण्यापर्यंत चालत जाणारे कुणीतरी तिला हवे असेल.